इंजिनाचा श्वास तापतो तेव्हा...

उन्हाळ्यात घाटात दम तोडणारा टँकर, मळणीच्या वेळी काळा धूर ओकणारा ट्रॅक्टर आणि ऐन लग्नसराईत बंद पडणारा जनरेटर या तिन्ही तक्रारींचे मूळ अनेकदा एकच असते. डिझेल इंजिन जी हवा आत ओढते, ती प्रमाणाबाहेर तापलेली असते. पाण्याच्या तापमानाचा काटा नेहमीच्या जागी असूनही हा दोष निर्माण होऊ शकतो. त्यामुळेच तो लवकर लक्षात येत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात डिझेल इंजिन हे केवळ वाहतुकीचे साधन नाही. १९५० मध्ये प्रवरानगर येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्यानंतर जिल्ह्यात कारखान्यांची रांगच उभी राहिली. दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू झाला, की ऊस वाहणारे ट्रक आणि दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. हंगाम आटोपतो तोच उन्हाळा लागतो. पाथर्डी, पारनेर, संगमनेरच्या पठारी भागांत पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या सुरू होतात. २०१३, २०१६ आणि २०१९ च्या टंचाईत या टँकरवर कित्येक गावे आणि वाड्या-वस्त्या अवलंबून होत्या. अशा वेळी एक इंजिन बिघडले, तर केवळ गाडीमालकाचे नुकसान होत नाही. एखाद्या वस्तीचे त्या दिवसाचे पाणी चुकते.

जिल्ह्याचे इंजिनांशी नाते आणखी एका अर्थाने जुने आहे. लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल नगर शहरात आहे आणि संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहनविषयक प्रयोगशाळा, 'व्हीआरडीई', शहराजवळच आहे. रणगाडा असो वा उसाचा ट्रॅक्टर, इंजिनाला गार, स्वच्छ आणि पुरेशी हवा मिळाली पाहिजे, हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे.

हवा तापली तर बिघडते काय?

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. दट्ट्याने हवा सोळा ते अठरा पट दाबली, की ती पाचशे अंश सेल्सिअसहून अधिक तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. हवेच्या या तापण्यावरच डिझेल इंजिन चालते. मग आत येणारी हवा आधीच गरम असली, तर ते चांगलेच नव्हे काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. थंडीच्या पहाटे इंजिन चालू करण्यापुरते ते खरेही आहे. पण इंजिनावर भार आला, की हिशेब उलटा होतो.

हवा तापली की प्रसरण पावते आणि विरळ होते. सिलिंडरचे आकारमान मात्र ठरलेले असते. त्यामुळे तेवढ्याच जागेत वजनाने कमी हवा, म्हणजेच कमी प्राणवायू मावतो. एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी किमान १२ किलो हवा लागते. ही हवा म्हणजे सुमारे १० हजार लिटर, अर्थात पाण्याच्या एका मोठ्या टँकरची टाकी भरेल एवढी. प्रत्यक्षात इंजिन याहून बरीच अधिक हवा घेते. कारण डिझेलच्या प्रत्येक थेंबाला प्राणवायू वेळेत भेटावा लागतो. ही शिल्लक कमी झाली, की डिझेल अर्धवट जळते, काजळी वाढते आणि धुराड्यातून काळा धूर निघू लागतो.

इंजिनाची शक्ती मोजण्यासाठी 'आयएसओ ३०४६' या आंतरराष्ट्रीय मानकात २५ अंश तापमान आणि १०० किलोपास्कल हवेचा दाब गृहीत धरला आहे. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास असतो. त्यात मे महिन्यातील ४२ अंशांचे तापमान धरले, तर हवेची घनता मानकाच्या तुलनेत सुमारे ११ टक्क्यांनी घटते. ही घट निसर्गाने घातलेली आहे. ती टाळता येत नाही. मात्र एअर क्लीनरचा पाइप निसटून इंजिन बॉनेटखालची ६० अंशांची हवा ओढू लागले, तर हीच घट १६ टक्क्यांवर जाते. वरचे हे पाच टक्के मात्र माणसाच्या दुर्लक्षाचे असतात.

परिणाम केवळ शक्ती घटण्यापुरता मर्यादित राहत नाही. आत येणारी हवा जितकी तापलेली, तितके सिलिंडरमधील ज्वलनाचे आणि बाहेर पडणाऱ्या धुराचेही तापमान चढते. दट्ट्याचा माथा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि टर्बोची चाकी यांना ती धग सोसावी लागते. नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण वाढते. गाडी ओढत नाही म्हणून चालक ॲक्सिलरेटर अधिक दाबतो, डिझेल अधिक जाते आणि उष्णता आणखी वाढते. हे चक्र वेळीच तोडले नाही, तर खर्च पाइपच्या क्लिपवरून थेट इंजिन उघडण्यावर जातो.

टर्बो आणि इंटरकूलर

अलीकडच्या बहुतेक ट्रकांना आणि मोठ्या ट्रॅक्टरना टर्बोचार्जर असतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाकी फिरते आणि तिच्याच दांड्यावरची दुसरी चाकी ताजी हवा दाबून इंजिनात कोंबते. मात्र सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक जसे तापते, तशीच टर्बोने दाबलेली हवाही तापते. बाहेरची हवा ४० अंशांची असेल आणि टर्बोने तिचा दाब दुप्पट केला, तर ती १४० अंशांच्या घरात पोहोचते. दाब वाढवून मिळवलेला फायदा उष्णतेमुळे बराचसा हातचा जातो.

म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर बसवतात. तो रेडिएटरसारखाच दिसतो. फरक इतकाच, की त्याच्या नळ्यांतून पाण्याऐवजी दाबलेली हवा वाहते. १४० अंशांची हवा ६० अंशांपर्यंत उतरवली, तर तिची घनता सुमारे २४ टक्क्यांनी वाढते. थोडक्यात, चांगल्या स्थितीतील इंटरकूलर म्हणजे इंजिनाला फुकटात मिळालेली जवळपास पाव पट हवा होय. आणि हा इंटरकूलर गाडीत सर्वांत पुढे, धूळ, पाचट आणि किडे यांच्या थेट तोंडावर असतो.

आधी मापन, मग पाना

या दोषाचा शोध घेताना सर्वांत मोठी चूक होते ती अंदाजाने सुटे भाग बदलण्याची. बदलायला घेण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. तापमान खरोखरच वाढले आहे काय? आणि वाढले असल्यास ते नेमके कोणत्या टप्प्यावर वाढते?

देशभर २०१७ मध्ये भारत स्टेज-४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाले. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरसाठीही जानेवारी २०२३ पासून कडक निकष आले. अशा नव्या इंजिनांत आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर असतो. मर्यादा ओलांडली की संगणक स्वतःच डिझेल कमी करतो. चालकाला वाटते, गाडीत दम राहिला नाही. प्रत्यक्षात इंजिन स्वतःला वाचवत असते. परंतु सेन्सरच खोटे बोलत असेल तर?

त्याची परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पहाटे फक्त चावी फिरवावी, इंजिन चालू करू नये. निदान यंत्रावर हवेचे, पाण्याचे आणि बाहेरचे तापमान वाचावे. तिन्ही आकडे दोन-चार अंशांच्या फरकाने सारखे असले पाहिजेत. हवेचा आकडा एकटाच भलता दिसला, तर दोष सेन्सरचा, त्याच्या जोडणीचा किंवा वायरचा आहे. या सेन्सरचा विद्युतरोध तापमान वाढले की घटतो. त्यामुळे वायर घासून बॉडीला टेकली, तर यंत्र कमालीचे जास्त तापमान दाखवते. वायर तुटली, तर उणे ४० सारखा अशक्य आकडा येतो. असा आकडा दिसताच इंटरकूलर उतरवण्याची घाई करू नये.

सेन्सर खरा ठरला, की चार ठिकाणी तापमान मोजावे. पहिले सावलीतील बाहेरच्या हवेचे. दुसरे टर्बोत शिरणाऱ्या हवेचे, तिसरे टर्बोतून निघून इंटरकूलरमध्ये जाणाऱ्या हवेचे आणि चौथे इंटरकूलरमधून बाहेर पडून इंजिनात शिरणाऱ्या हवेचे. मापन गाडी भाराखाली असतानाच व्हावे. उभ्या गाडीच्या रिकाम्या इंजिनावर केलेले मापन फारसे काही सांगत नाही. इन्फ्रारेड गनने मोजताना एक खबरदारी हवी. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवते. त्या जागी काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरल्यास आकडा विश्वासार्ह मिळतो.

हे चार आकडे हाती आले, की निम्मे निदान झालेच. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात मोठी तफावत असेल, तर इंजिन बाहेरची नव्हे, बॉनेटखालची हवा ओढत आहे. तिसरा आकडा अवाजवी असेल, तर टर्बोला जास्त कष्ट पडत आहेत. तिसरा योग्य आणि चौथा चढा असेल, तर इंटरकूलर आपले काम करत नाही. सुस्थितीतील इंटरकूलरमधून निघणारी हवा पूर्ण भाराखालीही बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २५ अंशांनीच अधिक असते. नेमकी मर्यादा इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि शेवटचा शब्द तिचाच मानावा.

दोष कोठे कोठे लपतात?

जिल्ह्यात सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे इंटरकूलरची बाहेरून चोंदलेली जाळी. ऊस हंगामात पाचटाचे तुकडे आणि कारखान्याच्या आवारातील बगॅसची धूळ, मळणीच्या दिवसांत भुसा, तर उन्हाळ्यात मातीचा फुफाटा तिच्यात अडकतो. ऑइलचा ओघळ त्यावर आला, तर तेथे कडक थरच बसतो. बहुतेक गाड्यांत एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर एकामागे एक असतात. पुढची जाळी स्वच्छ दिसली, तरी दोहोंच्या फटीत भुशाची गादी बसलेली असू शकते. म्हणून बॅटरी घेऊन आत डोकावणे आवश्यक आहे. सफाई करताना हवेचा झोत पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेने, म्हणजे कचरा आला त्याच्या उलट मारावा. वॉशिंग सेंटरवरील जोरदार पाण्याचा फवारा जवळून मारल्यास नाजूक पट्ट्या दुमडतात आणि जाळी कायमची बंद होते.

दुसरे कारण पंखा. सैल फॅन बेल्ट, आवश्यक तेव्हा न जुळणारा फॅन क्लच, तुटलेला किंवा काढून टाकलेला पंख्याभोवतीचा कठडा यांपैकी काहीही असू शकते. सपाट रस्त्यावर गाडी वेगात असताना तापमान ठीक, पण करंजी, इमामपूर किंवा चंदनापुरी घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना ते झपाट्याने वाढत असेल, तर संशयाची सुई आधी पंख्याकडे वळते. कारण घाटात समोरून वाऱ्याचा झोत मिळत नाही आणि सारी भिस्त पंख्यावर असते.

तिसरे कारण माणसाने स्वतः ओढवून घेतलेले असते. गाडीच्या तोंडाशी लावलेले लोखंडी गार्ड, जादा दिवे, नावाच्या पाट्या आणि फ्लेक्स इंटरकूलरचा वारा अडवतात. रेडिएटरच्या कडेची रबरी किंवा स्पंजची पट्टी एखाद्या दुरुस्तीत काढली जाते आणि परत बसवली जात नाही. मग पंख्याने मागे फेकलेली गरम हवा फटीतून वळून पुन्हा पुढे येते. मळणी यंत्र चालवताना ट्रॅक्टरच्या तोंडाकडे भुसा उडत असेल, तर हाच प्रकार घडतो. ट्रॅक्टर उभा करताना वाऱ्याची दिशा पाहिली, तरी बराच त्रास वाचतो.

चौथे कारण गळती. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी होजला चीर गेली किंवा क्लिप सैल झाली, की दाबलेली हवा वाटेतच निसटते. दाब भरून काढण्यासाठी टर्बो अधिक वेगाने फिरतो आणि हवा अधिक तापते. भाराखाली 'सुस्स' असा आवाज, होजच्या सांध्याभोवती ऑइलमिश्रित काळसर डाग आणि घटलेला पिकअप या त्याच्या खुणा होत. साबणाचे पाणी लावून गळती शोधता येते. इंटरकूलरची तोंडे बंद करून हवेच्या दाबाने परीक्षा करायची असेल, तर ते काम जाणकार फिटरकडेच द्यावे. नीट न बांधलेले बूच गोळीसारखे सुटते.

पाचवे कारण चोंदलेला एअर क्लीनर. टर्बोला हवा ओढतानाच विरोध झाला, तर तेवढाच दाब निर्माण करण्यासाठी त्याला अधिक कष्ट पडतात आणि बाहेर येणारी हवा अधिक गरम होते. क्लीनरवरील सूचक लाल झाला, की फिल्टर बदलावा. झटकून पुन्हा पुन्हा वापरू नये. घासलेल्या किंवा दुमडलेल्या टर्बोच्या पात्यांचाही परिणाम असाच होतो.

उरलेली कारणे इंजिनाच्या पोटातली आहेत. नव्या इंजिनांत प्रदूषण कमी करण्यासाठी थोडा धूर थंड करून पुन्हा आत सोडतात. त्या ईजीआर यंत्रणेचा व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला किंवा तिचा कूलर चोंदला, तर गरम धूर थेट ताज्या हवेत मिसळतो. इंटरकूलरच्या नळ्यांना आतून ऑइलचा लेप बसला, तर उष्णता बाहेर पडत नाही. टर्बो फुटल्यानंतर इंटरकूलर न धुता नवा टर्बो बसवला, तर जुन्याचे ऑइल आणि धातूचे कण तेथेच राहतात. आणि 'गाडीने जास्त ओढावे' म्हणून डिझेल पंपाची मात्रा वाढवून घेतली असेल, तर बाकी सर्व ठीक असूनही उष्णता वाढणारच.

जनरेटरची गोष्ट वेगळी

रुग्णालये, शीतगृहे आणि मंगल कार्यालये येथील जनरेटर जागचा हलत नाही. त्यामुळे त्याला समोरून वारा मिळण्याचा प्रश्नच नसतो. येथे दोष बहुधा इंजिनात नव्हे, खोलीत असतो. रेडिएटरने फेकलेली गरम हवा भिंतीवर आदळून खोलीतच फिरत राहिली, तर तासाभरात इंजिन ५५-६० अंशांची हवा ओढू लागते. गरम हवा पत्र्याच्या डक्टमधून थेट बाहेर सोडावी आणि ताजी हवा येण्याची खिडकी विरुद्ध बाजूस, पुरेशी मोठी ठेवावी. त्या खिडकीपुढे खुर्च्यांची थप्पी किंवा गाद्यांचे ढीग रचू नयेत, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ आहे.

जे करू नये, तेच अधिक होते

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत सर्रास आढळते. त्याचा संबंध इंजिनातील पाण्याशी आहे; आत येणाऱ्या हवेचे तापमान त्याने उतरत नाही. एअर क्लीनर काढून गाडी चालवल्यास शक्ती क्षणभर वाढल्यासारखी वाटते, पण रस्त्यावरची बारीक माती सिलिंडरला सहाणेसारखी घासते आणि टर्बोची पाती झिजवते. तापलेल्या इंटरकूलरवर थंड पाण्याची बादली ओतल्यास सांधे तडकण्याचा धोका असतो. बॉनेट काढून गाडी चालवणे हाही उपाय नव्हे. पंख्याने नेमून दिलेली हवेची वाट त्यामुळे मोडते.

घाटात तापमान वाढल्याची सूचना मिळाली, तर खालच्या गिअरवर यावे, ॲक्सिलरेटर हलका करावा आणि सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी. इंजिन लगेच बंद न करता काही मिनिटे रिकामे चालू द्यावे. पंख्याचा वारा सुरू राहतो, टर्बोला ऑइल मिळत राहते आणि साठलेली उष्णता हळूहळू निघून जाते.

या सर्व उपायांत महागडे असे फारसे काही नाही. हंगामात आठवड्यातून एकदा जाळी साफ करणे, महिन्यातून एकदा क्लिप आणि बेल्ट तपासणे, सूचक लाल होताच फिल्टर बदलणे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर चार ठिकाणचे तापमान मोजून वहीत लिहून ठेवणे, इतकीच ही कामे आहेत. गेल्या वर्षीचा आकडा वहीत असेल, तर यंदाची पाच-दहा अंशांची वाढ घाटात नव्हे, गॅरेजमध्येच लक्षात येते. पुढे करंजीचा चढ आणि त्या पलीकडे पाण्याची वाट पाहणारी वस्ती असताना, हा अर्ध्या तासाचा खटाटोप कोणत्याही दुरुस्तीपेक्षा स्वस्तच पडतो.